परटिणीचं लुगडं

एका गावात एक परटीण होती, आणि तिचं एकच गाऱ्हाणं होतं: माझं कुणी खरं मानत नाही. एकदा नाही, दोनदा मानलं नाही. पहिल्यांदा तिला राग आला. दुसऱ्यांदा ती रडली. दोन्ही वेळा बाई खरंच सांगत होती. आता गोष्ट ऐका.

ते गाव नदीकाठी होतं. वरच्या अंगाला प्यायच्या पाण्याचा पाणवठा, खालच्या अंगाला धुणं. परटिणीचा नवरा वारून सहा वर्षं झालेली. घरात म्हातारा दीर, जाऊ आणि ती. दारात एक गाढव आणि कपडे उकळायची भट्टी. लेक एकुलती एक, ती खालच्या गावी दिलेली. नदीकाठानं चाललं तर दीड कोस.

परटिणीला घराघराची खबर कपड्यांवरून कळे. कुणाकडं पाहुणे येऊन गेले, कुणाची सून पदरात तोंड खुपसून रडते, कुणाचा म्हातारा आता अंथरुणातच करतो, सगळं तिला ठाऊक. पण ती ह्या घरचं त्या घरी बोलायची नाही. तोंडानं फटकळ होती, पण चहाडखोर नव्हती.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. पटकी म्हणजे जुलाब आणि उलट्या. सकाळी मोट हाकणारा गडी संध्याकाळी पिळून टाकलेल्या धडप्यासारखा व्हायचा. डोळे खोल जायचे, बोटांची कातडी सुरकुतायची, आणि दुसऱ्या दिवशी घरातून रडणं ऐकू यायचं.

पहिली पटकी तेलिणीच्या घरी लागली. तिच्या नातवाचं बारसं झालं होतं. लांबून एक पाहुणा आला होता आणि त्याचं पोट बिघडलेलं होतं. त्याच्यामागं तेलिणीचा मुलगा आजारी पडला. मग बारशाला जेवलेली तीन घरं. मग त्या तीन घरांच्या शेजारची.

सगळ्या घरांची गाठोडी परटिणीकडं आली. ती एकेक सोडायची, बघायची आणि विचार करायची. कुंभारआळीतून मात्र तसलं एकही गाठोडं आलं नाही. का आलं नाही? कुंभारांची आपली वेगळी विहीर होती आणि बारशाला त्यांना बोलावणं नव्हतं. आणि परटिणीच्या स्वतःच्या घरी? तिघंही रोज घाणीत हात घालणारी, पण तिघंही धडधाकट. कारण घाण आधी उकळत्या भट्टीत जायची. भट्टीशेजारी राखेचं घमेलं असायचं. राखेनं कोपरापर्यंत हात चोळल्याशिवाय तिघांपैकी कुणी भाकरीला शिवत नसे. ही तिच्या सासूची शिस्त होती. का पाळायची ते सासूनंही सांगितलं नव्हतं.

परटिणीला ते आता कळलं. तिनं दारोदार सांगायला सुरुवात केली.

"पाटलीणबाई, रोग हवेतून पडत नाही. आजाऱ्याच्या पोटातून निघतो, हाताला लागतो, पाण्यात जातो आणि दुसऱ्याच्या तोंडातून आत शिरतो. पाणी उकळून प्या. हात धुवा."

पाटलीण हसली. "अगं, रोग म्हणजे काय गाठोडं आहे होय, ह्या घरातून त्या घरात न्यायला?"

"गाठोडंच आहे. आणि हमाल आपणच."

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला, "परटीण आता वैद्य झाली. उद्या गाढवाची नाडी बघेल!"

"गाढव निदान हात पुढं करील, आजोबा. तुम्ही तेवढंही करत नाही."

सगळे हसले, म्हाताराही हसला. पाणी कुणी उकळलं नाही.

आता त्या मुलखातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. रोगाची साथ आली की देवीचा गाडा काढायचे. लाकडाचा लहानसा गाडा, त्यावर देवीची मूर्त. ज्या घरात रोग शिरला त्या घरानं आजाऱ्याचं एक वस्त्र गाड्याला बांधायचं. लुगडं, धोतर, बाळाचं दुपटं, काहीही. पण ते न धुता बांधायचं. धुतलं तर रोग घरातच राहतो, असं म्हणायचे. मग गाडा वाजतगाजत शेजारच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायचा. तिथं एक नाव घ्यायचं. ज्याच्या पायानं रोग आला असं गावाला वाटेल, त्याचं नाव. "हिच्या पायानं आलीस, हिच्या नावानं जा," असं म्हणून मागं न बघता परतायचं. ज्याचं नाव घेतलं त्याला मग गावात कुणी पाणी द्यायचं नाही.

आणि ज्यांच्या शिवेवर गाडा आला ते काय करायचे? देवी आली म्हणून गाडा नदीवर न्यायचे आणि धुऊन काढायचे. त्यांच्या प्यायच्या पाण्यात. मग आठ दिवसांत त्यांनाही गाडा पुढं ढकलायची वेळ यायची.

गावची बैठक बसली. ठरलं की गाडा खालच्या गावी सोडायचा आणि नाव तेलिणीचं घ्यायचं. तेलीण बिचारी कोपऱ्यात बसून होती. मुलगा गेला होता, नातू पाळण्यात होता. तिच्यानं रडवतही नव्हतं.

परटीण उठली. "गाडा पाठवू नका. तुम्ही रोग घालवत नाही, पोचवता आहात. खालच्या गावात माणसं राहतात."

पाटील म्हणाले, "तुझी लेक तिथं दिली आहे म्हणून तुझा जीव तुटतो."

"हो, म्हणूनच तुटतो. सातवा महिना आहे तिला. तुमची लेक तिथं नाही, म्हणून तुम्ही मिशीला पीळ देत बसलात."

"बाई, जीभ आवर. देवीचा कोप झाला तर?"

"माझ्यावर होऊ दे."

कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडा सजला. अकरा घरांची अकरा वस्त्रं त्याला लटकत होती, माश्या घोंगावत होत्या. वाजंत्री वाजायला लागली. परटीण गाढव घेऊन सरळ गर्दीतून आली आणि एकेक वस्त्र सोडून गाढवावर टाकायला लागली.

"अडवा तिला!" पाटील ओरडले.

कुणी पुढं होईना. गाडा ढकलणारे चौघेसुद्धा लांब बांबूनं ढकलणार होते.

परटीण थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्या ना हिसकावून! देवीची वस्त्रं ना ही? मग हात लावायला का भिता? म्हणजे तुम्हाला कळतं सगळं. खालच्या गावाला कळू नये, एवढंच तुमचं म्हणणं."

वाजंत्री आपोआप थांबली.

तिनं अकराही वस्त्रं नेऊन भट्टीत उकळली. मग पारावर येऊन शेवटचं सांगितलं. "रोगाला एक घर लागतं निघायला, एक घर लागतं शिरायला आणि मधे लागते वाट. घरं काही आपल्याला मोडता येत नाहीत. वाट मोडा. आजपासून जो पाणी उकळणार नाही आणि राखेनं हात धुणार नाही, त्याच्या घरचं धुणं बंद. बसा आपली घाण आपल्या हातानं चोळत!"

हे मात्र गावाला पटलं. पटलं म्हणजे भीती वाटली. घरोघर चुलीवर हंडे चढले. आजाऱ्याला मीठ आणि गूळ घातलेलं उकळलेलं पाणी घोटाघोटानं पाजायला तिनं शिकवलं, कारण लोक उलटी होणाऱ्याचं पाणीच तोडायचे आणि तो कोरडा पडून जायचा. तेलिणीची सून तशी वाचली.

आणखी एक केलं तिनं. गावाच्या दोन्ही वाटांवर बोरीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकल्या. पंधरा दिवस गावातून कुणी जायचं नाही, गावात कुणी यायचं नाही. "रोग पोटात शिरला तरी लगेच दिसत नाही. आज चांगला दिसणारा परवा पडतो. म्हणून चांगल्या दिसणाऱ्यानंसुद्धा थांबायचं."

सहाव्या दिवशी कुंभाराला निरोप आला की त्याची आई खालच्या गावी त्याच्या बहिणीकडं वारली. कुंभार काट्यांपाशी आला, डोकं उघडं, डोळे सुजलेले.

"परटीणकाकू, जाऊ दे मला. तोंड बघतो आणि येतो. आमच्या आळीत तर कुणी आजारीसुद्धा नाही."

"नाही."

"काकू, आई आहे गं माझी."

"गेलेली आई तुला बघायला उठणार नाही. तू तिथं रोग नेलास तर जिवंत आहेत ती उठायची नाहीत. मागं फिर."

कुंभार काट्यांच्या अलीकडे बसून राहिला. पलीकडच्या वळणावर धूर दिसला तेव्हा त्यानं तिथूनच हात जोडले. परटीणही तिथंच उभी होती. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिनं काटे हलवले नाहीत.

आठ दिवस झाले, गावात नवं कुणी आजारी पडलं नाही. पाटलीण पाणी उकळताना म्हणायला लागली, "परटीण म्हणते त्यात काहीतरी आहे बरं का."

नवव्या दिवशी परटिणीच्या स्वतःच्या पोटात कळ आली. दोन-तीनदा बाहेर जाऊन आली, लुगडं खराब झालं, संध्याकाळी बरं वाटलं. साऱ्या गावाच्या कपड्यांवरचे डाग ओळखणारी बाई ती. तिनं आपल्या लुगड्यावरचा डाग पाहिला आणि जावेला म्हणाली, "काल ताक जरा जास्त झालं."

जाऊ म्हणाली, "ताकच ना गं?"

"मग काय! मी काय आजारी दिसते तुला?"

अकराव्या दिवशी दुपारी खालच्या गावची एक बाई काट्यांच्या पलीकडून हाका मारत आली. "अहो परटीणबाई, तुमची लेक विचारते, आई येणार का? सातवा सरत आला, तोंडाला चव नाही, काही खात नाही. सासू जीव टाकते तिच्यावर, पण पोरगी म्हणते, आईच्या हातचा घास पाहिजे."

चार दिवस उरले होते, फक्त चार. त्या काट्यांपाशी कुंभार बसला होता ती जागा अजून दिसत होती, गवत दबलेलं होतं.

तिनं मनाशी म्हटलं, मी आजारी नाही. मला सगळं कळतं, मी काळजी घेईन. कुंभाराला कळत नव्हतं, मला कळतं.

आणि तिनं काटे बाजूला केले.

लेकीच्या दारात पोचली तेव्हा लेक भिंतीला टेकून बसली होती. पोट पुढं, चेहरा वाळलेला. आईला बघून अशी हसली की परटिणीचा अकरा दिवसांचा शीण उतरला. विहिणीनं पायावर पाणी घातलं. परटिणीनं चुलीपुढं बसून ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताटलीत काढल्या, वर दूध घातलं. मग राख शोधायला लागली.

"काय शोधतेस, आये?"

"हात धुते गं नीट, राखेनं."

"आता राहू दे की! मघापासून भूक लागली आहे मला, इतक्या दिवसांनी. आईच्या हाताला कसली घाण? भरव आधी."

परटिणीनं हाताकडं पाहिलं. हात स्वच्छ दिसत होता. बोटांना दुधाचा वास येत होता.

तिनं भरवलं. ताटली संपेपर्यंत भरवलं. भांड्यात उरलेल्या चार घासांचा विहिणीला आग्रह केला, शेजारची दोन पोरं दारात उभी होती त्यांनाही एकेक घास दिला. डेऱ्यात हात बुडवून तांब्या भरला आणि लेकीला पाणी पाजलं. संध्याकाळच्या आत घरी परतली आणि काटे होते तसे लावून टाकले.

चौथ्या दिवशी हाक आली. या वेळी हाक मारणारी बाई काट्यांच्या जवळसुद्धा आली नाही. लांबूनच ओरडली, "पटकी!"

परटीण धावत गेली. विहिणीनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होती. पाणी राहत नव्हतं. परटिणीनं मीठ-गूळ कालवलं, राखेनं कोपरापर्यंत हात चोळले, घोटाघोटानं देत राहिली. पण पोटुशीचं अंग ते, आधीच रितं झालेलं.

लेक म्हणाली, "आये, तुझा हात गार लागतो गं."

"धुतला आहे, बाळा. चांगला धुतला आहे."

"ठेव कपाळावर."

दुसऱ्या दिवशी माध्यान्हीला लेक गेली. तिच्या पोटातलं तिच्याबरोबर गेलं. शेजारची दोन्ही पोरं गेली. डेऱ्यातलं पाणी प्यायलेला लेकीचा दीर गेला. विहीण पडली, पण उठली.

पाच दिवसांनी खालच्या गावची बैठक बसली. त्यांचाही गाडा सजला. नाव कुणाचं घ्यायचं यावर फार वाद झाला नाही. रोग पहिल्यांदा कुणाच्या घरात दिसला? परटिणीच्या लेकीच्या. त्या घरात सून मेली आणि सासू वाचली. मग ठरलंच. सासूनं शिळंपाकं घातलं असेल, सासूची नजर असेल, सासूच अपशकुनी. विहिणीचं लुगडं आणून गाड्याच्या पुढच्या दांडीला बांधलं.

परटीण पुढं आली. डोळे कोरडे होते. "ते लुगडं सोडा. तिचं नाव घेऊ नका. रोग मी आणला."

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले.

"माझं पोट बिघडलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. काटे मी टाकले आणि मीच ओलांडले. ह्या हातानं तिला भरवलं, पोरांना भरवलं, ह्या हातानं डेऱ्यातलं पाणी काढलं. हात धुतला नव्हता."

एक म्हातारी कळवळून म्हणाली, "लेकीच्या दुःखानं भ्रमली गं बिचारी. बाई, तू तर ठणठणीत उभी आहेस. तुझ्यापासून कसा होईल रोग?"

"होतो! दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. काही अंगांत तो जरासा राहतो आणि निघून जातो. पण हाताला लागतोच."

"अगं, आई कधी लेकीला मारते का?"

"मारते. न धुता भरवलं तर मारते."

कुणी खरं मानलं नाही. तिनं छाती बडवून सांगितलं, लेकीची शपथ घेतली. बायांनी तिला धरून बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. जिला दोष द्यायचा ठरला होता तिला कुणी शिवत नव्हतं, आणि जिनं केलं होतं तिला सगळे कुरवाळत होते. तेव्हा परटीण रडली. लेक गेली तेव्हा रडली नव्हती एवढी रडली.

गर्दीच्या मागून एक माणूस पुढं आला. वरच्या गावचा कुंभार. काटे निघाले तसा तो आईच्या राखेला पाणी द्यायला आला होता.

"काकू," तो म्हणाला, "मला थांबवलंस. तू का गेलीस?"



परटीण म्हणाली, "तुझं दुःख मला नियमापेक्षा लहान वाटलं, आणि माझं मोठं वाटलं. दुसरं काही नाही रे."

कुंभाराच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यानं गिळली. मग विहिणीच्या लुगड्याची गाठ सोडत म्हणाला, "मी खरं मानतो हिचं. हिचं खरं ऐकूनच माझ्या आळीतली पोरं जिवंत आहेत. आणि आज ती तेच सांगते आहे."

गाडा त्या दिवशी हलला नाही. लोकांना पटलं होतं असं नाही, पण कुंभारानं चाकापुढं दगड लावला आणि तिथंच बसला. परटिणीनं नदीच्या खालच्या अंगाला तीन दगडांची भट्टी मांडली, गाड्यावरची सगळी वस्त्रं उकळली, वाळवली, घड्या घालून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिली. लेकीचं लुगडं सगळ्यात शेवटी धुतलं. ते द्यायला दार नव्हतं. विहिणीनं हात पुढं केला आणि घेतलं.

विहीण म्हणाली, "मी नाही घेणार तुझं नाव."

"तू नको घेऊस. मी घेईन."

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. दारोदार कपडे न्यायला जायची आणि प्रत्येक दारात ही गोष्ट सांगायची, शेवटी आपलं नाव घ्यायची. लोक म्हणायचे, लेकीच्या पाठी वेड लागलं. तरी पण तिला येताना पाहिलं की बायका उठून राखेनं हात धुवायच्या.

तात्पर्य: रोग मायेचा हात आणि वैऱ्याचा हात असा भेद करत नाही, म्हणून जो नियम दुसऱ्याच्या दुःखाला लावता, तो आधी आपल्या हाताला लावा, आणि हात स्वच्छ दिसतो तेव्हाच तो नीट धुवा. आणि त्या गावात लेक कुणामुळं गेली असं कुणी विचारलं, तर देवीचं नाव घेऊ नका, तेलिणीचं घेऊ नका, सासूचं तर मुळीच घेऊ नका. तिनं स्वतः सांगितलेलं नाव घ्या: धुरपदा परटीण.